शाब्बासच्या आधीचे दोन सेकंद

तिचं खरं नाव विजेच्या बिलावर आणि बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं होतं. स्टुडिओत शिपायापासून मालकापर्यंत सगळे तिला खारूताई म्हणत, नवरा नुसतं खारू म्हणे, आणि सासूबाई काहीच म्हणत नसत, त्या टाळी वाजवत. टाळीचं प्रकरण पुढे येईलच.

आवाज काढायची खोड लहानपणापासूनची. चौथीत असताना वर्गाबाहेर उभी राहून तिने मुख्याध्यापकांच्या घोगऱ्या आवाजात 'खाली बसा' म्हटलं, तर आत शिकवत असलेल्या बाईसुद्धा खुर्चीत टेकल्या. मार बसायचा तो बसलाच, पण आपल्या गळ्याने माणसं उठतात-बसतात हे तिला त्या दिवशी कळलं. आई म्हणायची, "हिच्या गळ्यात अख्खं गाव भाड्याने राहतंय." मोठेपणी त्याच गळ्यावर ती पोट भरायला लागली. पहिलं काम लिफ्टचं. 'दरवाजे बंद होत आहेत, कृपया हात सांभाळा' एवढं एक वाक्य आणि एक ते बारा मजल्यांचे आकडे. तो आवाज इमारतीइमारतीत बसवत फिरणारा मेकॅनिक पुढे तिचा नवरा झाला. तो मित्रांना सांगायचा, "लग्नाआधी सहा महिने मी हिचं नुसतं ऐकत होतो. अजूनही तेच चाललंय, फक्त आता मधे मजले येत नाहीत."

मग खार आली. मुलांना मोबाईलवर दाखवायची मालिका, पाच-पाच मिनिटांचे भाग. एक खार, हातात अक्रोड, पाठीमागे झाड. ती रंग शिकवते, आकडे शिकवते, दात घासायला लावते. आवाज हिचा. थोडा नाकातून, वरच्या पट्टीतला, प्रत्येक वाक्याच्या शेवटाला एक उडी. मालिका अशी उचलली गेली की बसमध्ये, दवाखान्यात, बिलाच्या रांगेत, कुठल्या ना कुठल्या आईच्या हातातून ही स्वतःलाच भेटायची. सुरुवातीला तिला त्याचं फार कौतुक. एखादं पोर रडायचं थांबलं की ती नवऱ्याला कोपराने ढोसायची, बघ, गप्प केलं.

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा खाचाखाचांचा फोम, मधे काच, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. त्याचे कान एवढे तिखट की सगळे त्याला कानसेनच म्हणत. समोरच्या कागदावर लिहिलेलं असायचं, 'लाल चेंडू कुठे आहे?' त्याखाली कंसात, चार सेकंद. त्याखाली, 'शाब्बास!' त्या चार सेकंदांत पडद्यापलीकडच्या पोराने चेंडू शोधायचा, बोट दाखवायचं, अशी योजना. एक दिवस मालक कसला तरी तक्ता घेऊन आले.

"चार सेकंदांत पोरं इकडेतिकडे बघतात. आईकडे बघितलं की आई फोन काढून घेते. दोन करा."

"शेठ, दोन सेकंदांत मला बायकोचं नाव आठवत नाही," कानसेन काचेपलीकडून म्हणाला.

सगळे हसले. खारूताई सगळ्यात जास्त हसली, तेही खारीच्या आवाजात. ते दोन सेकंद तिला पाठ झाले. प्रश्न विचारायचा, मनात एक-दोन म्हणायचं, शाब्बास. कुणी बोट दाखवलं, कुणी झोपलं, कुणी फोनच चाटत बसलं, सगळ्यांना सारखीच शाब्बासकी.

एवढं ओरडून ओरडून गळ्यात गाठ झाली. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "कामापुरतं बोला. घरी मुक्या व्हा. नाहीतर कायमच्या व्हाल." तेव्हापासून घरात टाळ्या आल्या. एक टाळी म्हणजे इकडे बघा. दोन म्हणजे ताट वाढलंय. तीन म्हणजे हातातलं टाकून या. सासूबाईंना ते सोयीचंच पडलं. बाटल्या भरायच्या कारखान्यात तीस वर्षं काढून त्यांचे कान अर्धे गेले होते, शब्दांपेक्षा टाळी लवकर पोचायची. दोघींची भांडणंसुद्धा टाळ्यांत व्हायची. सासूबाई भांडं आपटून एक वाजवायच्या, ही दारामागून दोन. नवरा म्हणायचा, "आपल्या घरात रोज कुणाचा तरी सत्कार असतो."

त्या घरात मूल आलं. मुलगा, गुटगुटीत, डोकंभर केसांचा. तीन महिने झाल्यावर ती कामावर परत गेली, आणि पोर सासूबाईंच्या मांडीवर आलं. सासूबाईंचे गुडघे म्हणजे बिनतेलाच्या बिजागऱ्या. रांगणाऱ्या पोरामागे त्या काय धावणार? सातव्या महिन्यात त्याने मऊ भाताचा पहिला घास थुंकला, दुसरा थुंकला, तेव्हा खारूताईनेच फोन त्याच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि खार लावली. पोराने तोंड उघडलं. वाटी संपली.

शेजारीण तेव्हा दारातच उभी होती. भिंतीला भिंत लागून घर, नवीन लग्न झालेली, बँकेत नोकरीला, वाचून वाचून सगळं माहीत असलेली.

"अहो ताई, एवढ्याशा बाळाला फोन?"

खारूताईने गळ्याला हात लावला. सकाळचं रेकॉर्डिंग झालेलं, आवाज जपायचा. तरी पुटपुटत म्हणाली, "परकं कोण आहे त्यात? मीच तर आहे."

हे ती नुसतं तोंड मिटवायला म्हणाली नव्हती, तिला खरंच तसं वाटायचं. दुसऱ्या बायका पोराला कुणा अनोळखी चित्राच्या हवाली करत असतील, आपल्या पोराला आईचाच आवाज ऐकू येतो. आपण तिसऱ्या मजल्यावर फोमच्या खोलीत अडकलेले असलो, तरी इथे त्याच्याशी बोलतोय. रंग सांगतोय, आकडे सांगतोय. कुठल्या आईला जमतं असं एका वेळी दोन ठिकाणी असणं? म्हणून तास वाढत गेले तरी तिला टोचलं नाही. घासाला खार, अंघोळीनंतर खार, सासूबाईंचा डोळा लागला की खार. संध्याकाळी ती घरी यायची ती घसा शेकत, तोंड मिटून. पोर तिच्या मांडीवर, फोन पोराच्या मांडीवर. फोनमधली ती बोलायची, मांडीची ती गप्प.

पोर मोठं शहाणं. रडणं नाही, हट्ट नाही, पाहुणे आले तरी जागचं हलत नाही. नवऱ्याने त्याचं नाव साहेब ठेवलं. कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "साहेब जेवले का? साहेबांचा मूड कसा आहे?" साहेब मान वर करत नसत. "कामात आहेत," नवरा म्हणायचा आणि बूट काढायचा.

साहेब दीड वर्षाचे झाले, बोलले नाहीत. दोन वर्षांचे झाले, बोलले नाहीत. काही हवं असलं की मोठ्या माणसाचं मनगट धरायचे आणि हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचे, तोंडाकडे बघायचे नाहीत. सासूबाई म्हणाल्या, याचा बापही तीन वर्षांनी बोलला. नवरा म्हणाला, घरात कुणी बोलत नाही, हा एकटाच कशाला बोलेल? हे तो थट्टेत म्हणाला, आणि त्या घरात तेवढ्या काळात बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

मग नणंद आली राहायला. तिची पोरगी साहेबांपेक्षा दोन महिन्यांनी लहान. ती आल्या आल्या चपला कुणाच्या, पंखा का बंद, आजीला दात का नाहीत, सगळी चौकशी करून मोकळी. साहेबांच्या समोर बसून तिने विचारलं, "तुझं नाव काय?" साहेब फोनकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. मग तिने आपल्या आईकडे वळून सांगितलं, "आई, हा बिघडलाय."

नणंदेने पोरीला दटावलं, आणि भाजी चिरता चिरता बोलली, "वहिनी, राग मानू नकोस. जगभरच्या पोरांना बोलायला शिकवतेस, घरच्याचा नंबर कधी लागणार?"

खारूताईने विळीवरून हात उचलला. तिला एक टाळी वाजवावीशी वाटली, गप्प बस म्हणून, पण त्या अर्थाची टाळी घरात ठरलेली नव्हती.

दवाखान्यात आधी कान तपासले. कान उत्तम. मग पाठवलं स्पीचवाल्या मॅडमकडे. छोटी खोली, जमिनीवर चटई, एका डब्यात लाकडी ठोकळे, साबणाच्या फुग्यांची बाटली. मॅडम वयाने बेताच्या, केस आखूड, पोरांच्या उंचीला येऊन बसायची सवय लागलेल्या. त्यांनी एक फुगा सोडला, साहेबांनी तो फुटेपर्यंत बघितला. दुसरा सोडला. मग बाटलीचं झाकण लावून थांबल्या. पुष्कळ थांबल्या. खारूताईला ती शांतता सोसेना, तिच्या जिभेवर शाब्बास येऊन बसला. इतर पोरं म्हणे अशा वेळी मॅडमच्या तोंडाकडे बघतात, आणखी सोड म्हणून. साहेब फुगा फुटला त्या हवेकडे बघत राहिले.

मॅडमनी पाठीमागून हळूच एक टाळी वाजवली. साहेब गर्रकन वळले.

"टाळीला बरा वळतो," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्ही हाक मारा. रोज मारता तशी."

रोज मारते तशी हाक म्हणजे कशी, हे तिला आठवेना. तिने तिच्या स्वतःच्या, घोगऱ्या, अर्ध्या वापराच्या आवाजात त्याचं नाव घेतलं. तो ठोकळ्याचा कोपरा नखाने खरवडत होता. तिने पुन्हा घेतलं. नवऱ्याने घसा खाकरला. तिसऱ्यांदा घेताना तिचा आवाज चिरकला, तरी तो वळला नाही.

मग तिच्याने राहवलं नाही. घसा आवळून, नाकातून, वरच्या पट्टीत, शेवटाला उडी घेऊन तिने खारीसारखी हाक मारली.

साहेबांची मान ताडकन वर आली. चेहरा उजळला. दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर तिने असा उजेड पाहिला नव्हता. तो उठला, चटईवरून तुरुतुरु तिच्याकडे आला, तिने हात पसरले, आणि तो तिच्या हातांखालून वाकून तिच्या पर्सची चेन ओढायला लागला. फोन पर्समध्ये होता.

बराच वेळ चेनचाच आवाज होत राहिला.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "आवाज माझाच होता हो. सगळा वेळ माझाच होता."

"असेल," मॅडम म्हणाल्या. बोलण्यात ठपका नव्हता, तेच जास्त लागलं. "पण तो अं म्हणाला तेव्हा त्याला ओ कोण देत होतं? पोर अं म्हणतं, आपण अं म्हणतो. ते बोट दाखवतं, आपण तिकडे बघतो. असं दिवसातून शंभर वेळा झालं की कुठे एक शब्द येतो. फोनला त्याचं अं ऐकू येत नाही. तो आपला पुढे जातो."

"शाब्बास म्हणून," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

मॅडमनी स्पष्ट सांगितलं, सगळं खापर फोनवर फोडू नका, काही मुलं मुळातच उशिरा बोलतात, याचं काय आहे ते हळूहळू कळेल. पण फोन बंद. घरात बोलायचं, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, सारखं. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, तेवढं थांबायचं. आणि खारीचा आवाज अजिबात काढायचा नाही. तो ऐकला की हा माणूस सोडून पडदा शोधतो.

"दहा?" नवरा म्हणाला. "लिफ्टचं दारसुद्धा एवढं थांबत नाही."

फोन कपाटावर गेला. साहेबांनी तीन दिवस जमिनीवर डोकं आपटलं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी लपून लावून दिला आणि पकडल्या गेल्या. "तू जातेस निघून," त्या म्हणाल्या, "आपटतो तो माझ्यासमोर." त्यात खोटं काही नव्हतं. खारूताई दोन आठवडे सकाळी स्टुडिओत बोलली, संध्याकाळी घरात बोलली, आणि पंधराव्या दिवशी तिच्या गळ्यातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी परत नळी घातली. गाठ वाढलेली. ते म्हणाले, एवढ्या गळ्यात दोन संसार बसणार नाहीत.

ती मालकांकडे गेली. म्हणाली, काम सोडते, पण एक मागणं आहे. ते दोन सेकंद दहा करा. जुन्या भागांतही करा.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला चहा मागवला. "खारूताई, दहा सेकंद रिकामा पडदा? लोकांना वाटेल फोन अडकला."

"मग शाब्बास तरी काढा. कुणी काही केलेलं नसताना शाब्बास कशाला?"

"अहो, पोरांना आवडतं."

जाताना कानसेनने तिला काचेआड बोलावलं. त्याला तिचं जाणं लागलं होतं, आणि लागलं की तो थट्टा करायचा. "ताई, तुमचे सोळाशे शाब्बास पडलेत माझ्याकडे. रडके, हसरे, सर्दी झालेले. प्रश्नही सगळे आहेत. तुम्ही गेलात तरी पाच वर्षं कापून-जोडून खार चालवीन." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. "मला म्हणायचं होतं, तुमची आठवण राहील."

"राहील ना," ती म्हणाली. "लिफ्टमध्येही राहिलीच आहे."

घरी ती बोलायला लागली. जेवढी हवा गळ्यात होती तेवढी सगळी पोरावर खर्च केली. हा तुझा मोजा, हा दुसरा मोजा, हे पाणी गरम, हे गार. सासूबाईंना ऐकू येत नसे, तरी त्या तिच्या ओठांकडे बघत आणि मधेच आपणही काहीतरी बोलून टाकत. चार महिने गेले. साहेब तिच्या आवाजाला एकूण दोनदा वळले. तिने कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केले. आणि चेंडू बघितला की साहेब ओठ मिटून 'ब' म्हणायला लागले. चेंडूत ब कुठून आला ते कुणालाच कळलं नाही, पण मॅडम म्हणाल्या, चालेल, ब तर ब.

मधल्या काळात शेजारणीला मुलगी झाली होती. आता ती आठ महिन्यांची. एक दिवस दुपारी जिन्यात दोघी भेटल्या. शेजारीण बँकेतून अर्धी रजा काढून आलेली, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर पोर.

"ताई, घासच घेत नाही हो. शेवटी तुमचाच उपाय केला. तुमचं ऐकून लगेच तोंड उघडते." ती थकून हसली. "म्हटलं, परकं थोडंच आहे कुणी."

खारूताईला पुष्कळ बोलायचं होतं. सकाळपासून मोजे आणि पाण्याशी बोलून गळा संपलेला होता. आणि बोलायचं तरी कुठल्या तोंडाने? ती कशीबशी म्हणाली, "नको देऊ." शेजारणीला वाटलं घसा दुखतोय, ती म्हणाली, "राहू द्या, बोलू नका," आणि भिंतीपलीकडच्या आपल्या घरात गेली.

तासाभराने खारूताई पोरासमोर जमिनीवर बसली. लाल चेंडू तिने पाठीमागे धरला.

"चेंडू कुठे?"

एक. दोन. साहेबांनी रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. तीन. तिच्या गुडघ्याकडे. चार. दंडाकडे, पाठीमागे गेलेल्या दंडाकडे. पाच. मग त्याने मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. मनगट न धरता, काही न ओढता, नुसतं तोंडाकडे. सहा. त्याचे ओठ मिटले, ब साठी मिटतात तसे.

"शाब्बास!" भिंत म्हणाली.

पलीकडे वाटी वाजली, एक पोर खिदळलं. साहेबांचे ओठ उघडले ते तसेच राहिले. तो उठला, तिला वळसा घालून भिंतीशी गेला, गाल भिंतीला लावला. चुन्याचा पांढरा डाग गालाला लागला. भिंतीतली ती आता निळी छत्री कुठे आहे ते विचारत होती.

खारीची हाक खारूताईच्या गळ्यापर्यंत आली. एकदाच मारली तर तो आता वळेल, पळत येईल, हे तिला माहीत होतं. येईल आणि पर्स शोधेल. तिने ती गिळली. तिने त्याचं नाव घेतलं, घोगऱ्या, तिच्या स्वतःच्या आवाजात. तो वळला नाही.

त्याने भिंतीवरून गाल काढला. एक पाऊल मागे सरकला. आणि दोन्ही तळवे समोर धरून त्याने भिंतीला टाळी वाजवली. एक. दोन. तीन. सावकाश, मोजून, घरातली मोठी माणसं वाजवतात तशी. हातातलं टाकून ये.

आजवर त्याने कुणालाच अशी हाक मारली नव्हती. हाक मारून तो थांबलासुद्धा. दोन सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त थांबला, भिंतीकडे तोंड करून, हात तसेच धरून.

"आले रे," खारूताई त्याच्या पाठीमागून म्हणाली. "आले."

भिंतीपलीकडे ती पिवळ्या फुलाच्या प्रश्नावर गेली होती.